मुंग्यांच्या पहाऱ्यात वाढणारी फुलपाखरे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला मोशीतील आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक लहानसा वाद झाला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सायकसचे एकेक झाड आहे. पहिला पाऊस पडला तशी दोन्ही झाडांच्या गाभ्यातून कोवळ्या, पोपटी पानांचा तुरा एकदम वर आला. आठवड्याच्या आत ती पाने कुरतडल्यासारखी दिसू लागली आणि त्यांवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली. माळीकाका म्हणाले, “मुंग्यांनी पानं खाल्ली. औषध मारावं लागेल.” सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तसा निरोपही फिरला.

सहावीत शिकणारी माझी मुलगी शाळेच्या बसची वाट पाहत तिथेच वाकून बसली होती. ती म्हणाली, “अब्बा, मुंग्या पानं खात नाहीयेत. त्या कुणाला तरी चाटतायत.”

मी चष्मा पुसून जवळून पाहिले. पानाच्या कडेला भाताच्या दाण्याएवढ्या, चपट्या, काही हिरव्या तर काही तांबूस अळ्या चिकटलेल्या होत्या. प्रत्येक अळीभोवती दोन-तीन मुंग्या. एक मुंगी आपल्या मिशांनी अळीच्या पाठीवर हलकेच टपटप करत होती. थोड्या वेळाने अळीच्या शेपटीकडच्या भागावर पाण्यासारखा एक बारीक थेंब आला आणि मुंगीने तो लगेच पिऊन टाकला.

वीस वर्षे मी मुलांना शिकवतो आहे. उर्दू आणि मराठी हे माझे विषय, पण लहान वर्गांचा परिसर अभ्यासही माझ्याकडे अनेकदा आला. फुलपाखराचे जीवनचक्र मी फळ्यावर किती वेळा काढले असेल! अंडे, अळी, कोष, फुलपाखरू. चार चित्रे आणि त्यांना जोडणारे चार बाण. त्या वर्तुळात मी एकदाही मुंगी काढली नव्हती. त्या दिवशी माझ्या मुलीने ती काढली.

थेंबाच्या बदल्यात राखण

सायकसवरचे ते फुलपाखरू म्हणजे ‘प्लेन्स क्युपिड’. पंख पसरले तरी जेमतेम तीन सेंटीमीटर. नराच्या पंखांची वरची बाजू जांभळट निळी आणि खालची राखाडी, मागच्या पंखाला केसासारखी एक शेपटी. ते ज्या कुळातले आहे त्या कुळात जगभर पाच हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेक सगळी लहान, पुष्कळशी निळी. ज्या जातींचे जीवनचक्र नीट अभ्यासले गेले आहे, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींच्या अळ्यांचे मुंग्यांशी काही ना काही नाते आढळले आहे.

हे नाते मुळातच नवलाचे आहे. मऊ अंगाची अळी दिसली की मुंगी तिचे तुकडे करून वारुळात नेते. मग ही अळी कशी वाचते? एक तर तिची कातडी जाड असते आणि डोके अंगाखाली दडलेले असते. मुंगीने चावा घेतलाच तरी तो सहसा जीवघेणा ठरत नाही. दुसरे म्हणजे तिच्या कातडीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून असे द्रव्य पाझरते की मुंगीचा राग शांत होतो. तिसरी गोष्ट तो थेंब. अळीच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे एक ग्रंथी असते. तिच्यातून साखर आणि प्रथिनांचे घटक असलेला रस येतो. त्या ग्रंथीच्या मागे दोन बारीक नळ्या असतात. धोका जाणवला की त्या बाहेर पडतात आणि आसपासच्या मुंग्या एकदम सावध होतात. शिवाय या अळ्या पानातून सूक्ष्म कंपनेही पाठवतात. आपल्याला ती ऐकू येत नाहीत, पण पानावर उभ्या असलेल्या मुंगीला पायातून कळतात.

बदल्यात अळीला पहारेकरी मिळतात. फुलपाखरांच्या अळ्यांचे मोठे शत्रू म्हणजे बारीक गांधीलमाश्यांसारखे काही कीटक आणि काही माश्या. ते जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात, अंड्यांतून निघालेली पिल्ले अळीला आतून खातात. मुंग्या भोवती असल्या की या शत्रूंना जवळ येणे कठीण होते. नेओमी पिअर्स या संशोधिकेने ऑस्ट्रेलियातील एका जातीवर प्रयोग केले. झाडावर मुंग्यांना येऊ दिले नाही, तेव्हा शत्रूंनी अळ्यांचा जवळजवळ फडशा पाडला. पण राखणदारीची किंमतही दिसली. मुंग्यांना रस पाजणाऱ्या अळ्यांचे कोष आकाराने लहान भरले. आपल्या वाढीतला वाटा काढूनच अळी पहाऱ्याचा मोबदला देते.

आता कुणी म्हणेल, किती सुंदर भाईचारा! तसेही सरसकट म्हणता येत नाही. 2015 साली जपानमधील एका जातीवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या अळीचा रस प्यायलेल्या मुंग्यांच्या मेंदूत डोपामिन या रसायनाचे प्रमाण कमी झाले, त्यांची हालचाल मंदावली आणि त्या अळीजवळच थांबून राहिल्या. म्हणजे हा मोबदला थोडाफार नशेसारखाही असू शकतो.

काही अळ्या तर सरळ घरात घुसून यजमानालाच खातात. आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या कोकणात ज्याला चावल्या आहेत तो त्यांना विसरत नाही. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणाऱ्या ‘मॉथ बटरफ्लाय’ या फुलपाखराची अळी अशाच मुंग्यांच्या घरट्यात राहते. तिच्या पाठीवर कासवासारखे टणक कवच असते आणि ती मुंग्यांची पिल्ले खाऊन वाढते. कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराच्या अंगावर सुटे खवले असतात. मुंग्या धावून आल्या की त्यांच्या तोंडात आणि पायांत हे खवले अडकतात आणि तेवढ्यात फुलपाखरू निसटते.

आपल्या अंगणात, शेतात, टेकडीवर

ही नाती पाहायला दूरच्या जंगलात जाण्याची गरज नाही. निगडीच्या दुर्गा टेकडीवर, इंद्रायणीच्या काठी, चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणालगत अजून राहिलेल्या माळावर बोरी आणि बाभळी आहेत. बाभळीच्या कोवळ्या पाल्यावर आणि फुलांवर ‘बबूल ब्लू’च्या अळ्या वाढतात आणि त्यांच्याभोवती मुंग्या असतात. वाल, तूर, चवळी यांच्या फुलांत आणि शेंगांत ‘पी ब्लू’ आणि ‘ग्रॅम ब्लू’ यांच्या अळ्या असतात. शेंगा सोलताना ज्या चपट्या हिरव्या अळीला आपण ‘किडका वाल’ म्हणून फेकतो, ती पुष्कळदा यांचीच असते. शेतकऱ्याला त्यांचा त्रास होतो हे खरेच आहे.

घरच्या जास्वंदीवर पांढरा कापूस लागल्यासारखा पिठ्या ढेकूण होतो. त्याचा गोड चिकटा प्यायला मुंग्या येतात आणि त्याची राखण करतात. तिथेही एक फुलपाखरू पोहोचते, ‘एपफ्लाय’. त्याची अळी पाने खातच नाही, पिठ्या ढेकूणच खाते! अंगावर त्याचाच पांढरा मेणचट कापूस पांघरून ती मुंग्यांच्या पहाऱ्यात जेवते. तिचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. म्हणजे जास्वंदीवर आपण घाईने औषध मारतो, तेव्हा ढेकणांबरोबर त्यांना फुकट संपवणारा कामगारही मरतो.

या सगळ्यात माझ्या मनाजवळची गोष्ट बोरीची आहे. बोरीवर ‘सिल्व्हरलाइन’ नावाचे फुलपाखरू वाढते. फिकट पिवळ्या पंखांवर तांबूस पट्टे आणि त्यांच्या मधोमध चांदीच्या रेघा, जणू कुणी जरीचे काम केले आहे. मागच्या पंखांना दोन-दोन शेपट्या आणि तिथेच नारिंगी ठिपका. शत्रूला वाटावे की डोके इकडेच आहे. याच्या अळीची सोबत एका खास प्रकारच्या मुंग्यांशी असते. या मुंग्या झाडावर राहतात आणि त्यांना डिवचले की त्या आपले बदामाच्या आकाराचे पोट पाठीवर उचलून धरतात. अळी दिवसा पाने जोडून केलेल्या आडोशात लपते आणि रात्री खायला बाहेर पडते. मुंग्या तिच्यासोबत असतात.

बोरीवरच्या अशाच दुसऱ्या एका लहान फुलपाखराची हकिकत लायोनेल द निसेव्हिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवली आहे. अळ्या पूर्ण वाढल्या की मुंग्या त्यांना झुडपाच्या बुंध्याशी असलेल्या आपल्या घरट्यापर्यंत नेतात आणि तिथेच त्यांचे कोष होतात. गुराख्याने संध्याकाळी गुरे गोठ्यात आणावीत तसे! पुढे कारवारला वनाधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी शेकडो अळ्या घरी वाढवल्या आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1909 पासून त्यांच्यावर लेखमाला लिहिली. कोणती अळी कोणत्या झाडावर आणि कोणत्या मुंगीबरोबर राहते, यातले पुष्कळसे आपल्याला त्यांच्यामुळे माहीत आहे.

फुलपाखरू जपले, मुंगी विसरली

मुंगी विसरली तर काय होते, याचा मोठा धडा इंग्लंडने घेतला आहे. तिथे ‘लार्ज ब्लू’ नावाचे निळे फुलपाखरू होते. त्याची अळी पहिले सुमारे तीन आठवडे रानओव्याच्या जातीच्या एका वनस्पतीची फुले खाते आणि मग जमिनीवर पडते. एक विशिष्ट जातीची तांबडी मुंगी तिला भेटते, तिचा रस पिते आणि आपलेच पिल्लू समजून तिला उचलून वारुळात नेते. वारुळात ही अळी सुमारे दहा महिने मुंग्यांची पिल्ले खाऊन वाढते. याच गटातील दुसऱ्या एका जातीच्या अळ्या आणि कोष राणी मुंगीसारखा आवाज काढतात आणि म्हणून वारुळात त्यांची बडदास्त ठेवली जाते, असे 2009 साली संशोधकांनी दाखवून दिले.

लार्ज ब्लूची संख्या घटू लागली तेव्हा लोकांना वाटले की ती पकडून संग्रह करणारे शौकीन याला जबाबदार आहेत. म्हणून त्याच्या एका जागेला कुंपण घातले. शौकीन बाहेर राहिले, पण त्यांच्याबरोबर गुरेही बाहेर राहिली. गवत वाढले आणि फुलपाखरू तिथून नाहीसे झाले. 1950 च्या दशकात सशांमध्ये एक रोग आला, बहुतेक ससे मेले आणि उरलेल्या माळांवरचे गवतही उंच झाले. 1970 च्या दशकात जेरेमी थॉमस नावाचा तरुण संशोधक शेवटच्या जागांवर महिनोन्महिने बसून राहिला, तेव्हा खरे कारण कळले. त्या एका जातीच्या मुंगीला ऊन लागलेली गरम जमीन हवी असते. गवत दोन-तीन सेंटीमीटरच्या वर गेले की जमीन गार होते आणि ती मुंगी निघून जाते. तिच्या जागी दुसऱ्या मुंग्या येतात, पण त्यांच्या वारुळात ही अळी क्वचितच जगते. कारण सापडले तोवर उशीर झाला होता. 1979 साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाले.

मग लोकांनी काय केले? कुंपणे काढून पुन्हा गुरे चरायला सोडली, गवत आखूड झाले, मुंगी परत आली. 1983 पासून स्वीडनमधून अळ्या आणून सोडायला सुरुवात झाली आणि आज नैर्ऋत्य इंग्लंडमधील माळांवर ते फुलपाखरू पुन्हा उडते आहे. फुलपाखरावर जीव असलेली माणसे तिथे आधीही होती. पण फुलपाखरू ज्यांच्या जिवावर जगत होते ती मुंगी, ती गुरे आणि ते आखूड गवत त्यांच्या हिशेबातच नव्हते.

बेरीची पाने

माझे अब्बा 1980 च्या सुमारास बीड जिल्ह्यातून भोसरीच्या एका कारखान्यात कामाला आले. त्यांच्या आठवणीत मोशी-चिखलीला शेते होती आणि बांधाबांधावर बोरी होत्या. सुट्टीच्या दिवशी डबाभर बोरे आणायचे. 2019 च्या हिवाळ्यात त्यांचा इंतिकाल झाला. मय्यतीला गुस्ल देण्यासाठी पाण्यात बेरीची पाने घालतात हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पण आसपासच्या कुठल्याही सोसायटीत बोर नव्हती. शेवटी मी कब्रस्तानातल्या बोरीची पाने तोडून आणली. एका फांदीवर दोन-तीन पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि आत मुंग्या होत्या. चावतील म्हणून ती फांदी सोडली आणि दुसरी तोडली. त्या वेळी डोळ्यांपुढे दुसरे काही नव्हते. आज मात्र वाटते, त्या मुंग्या कुणाच्या राखणीला बसल्या होत्या?

सायकसच्या वादाआधीच्या वर्षी शब-ए-बारातच्या अगोदर कब्रस्तानाची साफसफाई निघाली होती. दरवर्षी निघते, आम्ही सगळे जातो. काटे टोचतात, साप निघतात म्हणून कडेच्या बोरी मुळापासून काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, असे ठरत होते. मीही मान डोलावली होती. यंदा तोच विषय पुन्हा निघाला तेव्हा मी उभा राहिलो. फुलपाखराचे सांगितले तेव्हा दोघे-तिघे हसले. मग मी विचारले, “उद्या आपल्यापैकी कुणाच्या घरी गरज पडली, तर पाने कुठून आणणार?” सगळे गप्प झाले. एक बुजुर्ग म्हणाले, “मास्तर बरोबर बोलतात. वाटेवरच्या काढा, भिंतीकडच्या राहू द्या.” वाटेवरच्या चार गेल्या. भिंतीकडच्या तीन राहिल्या.

मुंग्यांबद्दल तर आपल्याला वेगळे सांगायला नको. कुरआनमधील 27 व्या सूरहचे नावच अन्-नम्ल, म्हणजे मुंग्या. मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद पक्षी यांना मारू नये, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. माझी दादी साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की डबा उन्हात ठेवायची, मुंग्या आपोआप निघून जायच्या. आज आपण उंबऱ्यापासून कुंडीपर्यंत पावडर टाकतो. स्वयंपाकघरातल्या मुंग्या आवराव्यात, त्यात गैर काही नाही. पण बाहेरच्या झाडावरच्या मुंगीने आपले काय घेतले आहे?

घरच्या घरी करता येईल ते

कुंडीतल्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी पाच मिनिटे नुसते पाहावे. ती कुठे जाते आणि कुणापाशी थांबते ते बघावे. मुलांना बरोबर घ्यावे, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिले तर थेंबही दिसतो.

सायकसची शोभा टिकवायची असेल तर औषधाची गरज नाही. हे फुलपाखरू अंडी घालते ते कोवळ्या पानांवर. नवा तुरा दिसला की त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधावा आणि पाने कडक झाली की काढावा. मात्र ही काळजी फुकाची नाही. 2005 च्या सुमारास हेच फुलपाखरू लागवडीच्या झाडांबरोबर प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर पोहोचले आणि तिथल्या रानटी सायकसचे त्याने मोठे नुकसान केले. आपल्याकडे ते मूळचे आहे, त्याचे शत्रूही इथेच आहेत. दोन झाडांपैकी एक झाकावे, एक त्याच्यासाठी सोडावे, इतके आपल्याला परवडते.

शाळा, मशीद, कब्रस्तान, सोसायटी, जिथे आपला शब्द चालतो तिथे भिंतीच्या कडेला हातभर माती मोकळी ठेवण्याचा आग्रह धरावा. एखादी बोर, एखादी बाभूळ राहू द्यावी. सगळीकडे फरशी घातली की मुंगीला घर उरत नाही.

आमच्या सोसायटीतल्या वादाचा शेवट सांगायचा राहिला. बैठक व्हायच्या आधीच एका सायकसवर औषध मारून झाले होते. सकाळी त्याच्याखाली मुंग्यांचा सडा पडला होता. दुसऱ्यापाशी माझी मुलगी पहाऱ्याला उभी राहिली होती, म्हणून ते वाचले. दोन आठवड्यांनी माळीकाकांनीच तिला हाक मारली. “ये बेटा, तुझी पाखरं निघाली बघ.” फाटकाच्या जाळीवर नखाएवढी दोन निळी फुलपाखरे पंख वाळवत बसली होती. खाली एक मुंगी त्याच कुरतडलेल्या पानावर अजून इकडून तिकडे फिरत होती.

या वर्षी पाचवीच्या वर्गात जीवनचक्राचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर नेहमीची चार चित्रे काढली. अळीच्या बाजूला एक मुंगीही काढली. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “सर, ती तिला खाणार का?”

मी खडू त्या मुलाच्या हातात दिला आणि वर्गाला बाहेर, कुंपणाजवळच्या बाभळीकडे घेऊन गेलो.